आधी खांदेमळणी, मग झूल

नगर–मनमाड रस्त्याने शिर्डीत शिरणारी यात्रेकरूची सायकल लांबूनच ओळखू येते. मागच्या कॅरियरला उभी बांधलेली काठी, तिच्यावर भगवा झेंडा. हँडलला झेंडूची माळ, दिव्याच्या वर साईबाबांची तसबीर आणि फ्रेमच्या नळ्यांभोवती नागमोडी गुंडाळलेली रंगीत दिव्यांची माळ. नाशिकहून सिन्नर, वावी करत आलेल्यांनी नव्वदेक किलोमीटर तुडवलेले असतात. मुंबईकरांनी कसारा घाट चढून जवळजवळ अडीचशे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पण तिथे सायकलला मज्जाव आहे. त्यामुळे सायकलवाले अजूनही जुन्याच रस्त्याने, ट्रकच्या धुळीतून येतात.

अशी सायकल दुरुस्तीला टेकवली की जाणता मिस्त्री माळेकडे बघत नाही. तो उकिडवा बसतो आणि हँडलखालची ती जागा बघतो, जिथे पुढची उभी आखूड नळी आणि खाली तिरकी जाणारी जाड नळी एकमेकींना मिळतात. खड्ड्यात चाक आपटलं की पहिला दणका तिथे बसतो. रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसली आणि तिच्या कडेला तांबूस पाणी सुटलं असेल, तर खालचं लोखंड तडकलेलं असण्याची शक्यता मोठी. नेमकी हीच जागा बहुतेकदा सजावटीने झाकलेली असते. तसबिरीची तार तिथेच वळसे घेते, दिव्यांच्या माळेची गाठही तिथेच.

सायकलच्या फ्रेमवर चित्रं काढणं, नक्षी करणं, एखाद्या नामांकित चित्रकाराकडून ती रंगवून घेणं हे आता जगभर चालतं. मागणीनुसार बनवलेल्या फ्रेमचा वेगळा बाजार आहे, त्यात रंगाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. रंग म्हणजे निव्वळ मिरवणं, असं म्हणून हा विषय झटकून टाकणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. गंज रोखणारा रंग हा सायकलच्या आयुष्याचा भाग आहे. माणूस जी वस्तू रोज हाताळतो ती त्याला सुंदर हवी असते, आणि त्यात काही गैर नाही. विचारायचं ते इतकंच, की ही सजावट वजन पेलणाऱ्या सांध्याला ओळखून केली आहे, की त्याला झाकण्यासाठी?

शिर्डीत हा प्रश्न अगदी घरचा आहे. साईबाबा एक दिवसाआड रात्री चावडीत झोपायला जात. डिसेंबर १९०९ पासून भक्तांनी त्या जाण्याची मिरवणूक केली, पुढे पालखी आली. बाबा पालखीत कधी बसले नाहीत. ते शेजारून चालत गेले आणि पालखीत पादुका राहिल्या. रघुवीर भास्कर पुरंदरे हे त्या काळातले भक्त. त्यांच्या आठवणींत असं येतं की पालखीवर बसवलेला चांदीचा साज लगेचच चोरीला गेला, आणि तक्रार घेऊन गेलेल्यांना बाबांनी उलट विचारलं की अख्खी पालखीच का नाही नेली. द्वारकामाई मशिदीतली दुसरी गोष्ट साईसच्चरितात आहे. चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद अशी एक फळी बाबांनी जुन्या चिंध्यांनी आढ्याला टांगली होती आणि ते तिच्यावर झोपत. त्या चिंध्या फळीचाच भार कशा सोसतात याचं लोकांना नवल. ते बघायला गर्दी होऊ लागली तेव्हा बाबांनी ती फळी मोडून टाकली.

पालखी मात्र राहिली. आजही दर गुरुवारी रात्री ती निघते. तिचा साज बदलत गेला, पण खांद्यावर येणारा दांडा, भार वाहणारा भाग, सणसणीत असावाच लागतो. खांदा देणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

सजवलेल्या सायकलींतली जगात सगळ्यांत गाजलेली सायकल २००९ सालची. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग निवृत्तीनंतर पुन्हा शर्यतीत उतरला, तेव्हा त्याच्या ट्रेक कंपनीच्या सायकली रंगवायला बडे कलावंत बोलावले गेले. योशितोमो नारा, शेपर्ड फेअरी, केनी शार्फ, काव्स, मार्क न्यूसन आणि डेमियन हर्स्ट. हर्स्टने आपल्या सायकलवर खरीखुरी फुलपाखरं लावली. फुलपाखरांच्या पंखांचे तुकडे फ्रेमवर आणि चाकांच्या रिमवर चिकटवून त्यावर लाखेसारखा पारदर्शक थर दिला. पंखांची ती झळाळी छापील चित्राने येत नाही, असं त्याचं म्हणणं. प्राणिमित्र संघटनांनी आक्षेप घेतला. २६ जुलै २००९ ला, टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, आर्मस्ट्राँग ती सायकल घेऊन पॅरिसच्या शाँझेलिझेवर उतरला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये या सायकलींचा लिलाव झाला. फुलपाखरांच्या एकट्या सायकलीला पाच लाख डॉलर आले आणि पैसा कर्करोगग्रस्तांसाठीच्या कामाला गेला.

या सायकलीबद्दल एक गोष्ट कौतुकाने सांगायला हवी. हर्स्टने फ्रेमच्या घडणीला हात लावला नाही. शर्यतीची फ्रेम जशी होती तशीच राहिली, पंखांचं वजन नगण्य, आणि ती पॅरिसच्या दगडी फरसबंदीवरून पूर्ण वेगाने धावली. म्हणजे सायकल म्हणून ती खरी होती. खोटं निघालं ते तिच्यावर बसलेल्या माणसाचं यश. २०१२ साली उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँगचे १ ऑगस्ट १९९८ पासूनचे सगळे निकाल रद्द झाले, २००९ च्या टूरमधल्या तिसऱ्या क्रमांकासकट.

त्याच्या उलट गोष्ट इंग्लंडमधल्या हेचिन्सची. १९३० च्या दशकात लंडनच्या टॉटनहॅम भागात हायमन हेचिन यांचं दुकान होतं आणि जॅक डेनी हे त्यांचे फ्रेम घडवणारे कारागीर. त्यांनी मागच्या चाकाच्या आडव्या-उभ्या नळ्यांना नागमोडी वळण दिलं. या फ्रेमला नावही मिळालं ‘व्हायब्रंट’ आणि दावा असा की हे वळण रस्त्याचे हादरे गिळतं. त्या काळात हौशी शर्यतीतल्या सायकलस्वाराला बनवणाऱ्याच्या नावाची जाहिरात करायला बंदी होती. फोटोत नाव दिसणार नाही, पण आकार दिसेल, म्हणून अनेक कारागिरांनी फ्रेमलाच आपली सही बनवलं, असं जाणकार सांगतात. हादरे गिळण्याचा दावा मात्र पटत नाही. तेवढ्या वळणाने पोलादी नळी वरखाली फारशी लवचीक होत नाही. हवा भरलेला टायर त्याच्या कितीतरी पट हादरा खातो. म्हणजे तिथे नक्षीने कामाचा आव आणला.

पण हेचिन्सच्या सायकली आज संग्राहक जपतात त्या केवळ या वळणासाठी नाही, त्यांच्या सांध्यांसाठीही. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये नळ्यांची टोकं पोलादी खोबणीत बसवून पितळेने झाळतात. या खोबणीला लग म्हणतात. डेनी या लगच्या कडा कानशीने घासून पानाफुलांसारख्या कोरत. टोकाला निमुळती होत जाणारी अशी कड दिसायला देखणी असते, आणि जाड खोबणीवरून पातळ नळीवर भार एकदम न पडता हळूहळू उतरतो. झाळण कुठवर पोचलं तेही कडेवर दिसतं. पितळ सगळीकडून सारखं फिरलं असेल तर कडेने सोनेरी धागा उमटतो, कुठे तुटला तर तिथे सांधा कच्चा. इथे नक्षी आणि काम वेगळं काढताच येत नाही.

नळीचंही असंच आहे. बाहेरून सगळीकडे सारखी दिसणारी चांगली पोलादी नळी आतून सारखी नसते. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने अशा नळीचं पेटंट घेतलं, जिची टोकं जाड आणि मधलं अंग पातळ. सगळा ताण सांध्यापाशी येतो, मग मधे फुकटचं लोखंड कशाला, हा विचार. १९३५ मध्ये त्यांची ‘५३१’ ही प्रसिद्ध नळी आली. अशा नळीचं मधलं अंग अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं. त्यात नावाची पाटी ठोकायला भोक पाडलं, किंवा जुना रंग काढायला वाळूचा मारा जोरात केला, की काय होईल ते सांगायला नको.

रंगकामात खरी फसवणूक होते ती लांबीने. पेंटर ज्या पुट्टीला लांबी म्हणतात ती चेपलेल्या नळीत भरून घासली, वर पावडर कोटिंग मारलं, की पोचा दिसत नाही. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसची. साध्या पोलादाला त्याचं काही वाटत नाही. कार्बन फायबरच्या फ्रेमला मात्र ही भट्टी आणि रंग काढायची तिखट रसायनं दोन्ही घातक, कारण तिचे धागे राळेने धरलेले असतात. कार्बनची दुसरी अडचण अशी की आपटल्यावर आतले थर सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. अशा फ्रेमवर नव्याने चित्र काढलं, तर पुढच्या मालकाला इजा कळायचा मार्गच बंद होतो. वापरलेली सायकल घेताना ताजा, झगझगीत रंग हा म्हणूनच आनंदाचा नाही, चौकशीचा विषय आहे.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीला साधी म्हणायची पद्धत आहे. ती साधी नव्हती. आसनसोलजवळच्या सेन-रॅलेच्या कारखान्यातली असो, लुधियानाच्या हिरोची वा सोनीपतच्या ॲटलासची, त्या काळ्या रंगाला एक शान होती. रॅले आपल्या फ्रेमवर रंगाखाली फॉस्फेटचा थर देत असे आणि गंज रोखणाऱ्या त्या थराची चिठ्ठी फ्रेमवर अभिमानाने चिकटवत असे. काळ्यावर सोनेरी रेघ यायची. लांब केसांचा बारीक ब्रश, करंगळी नळीला टेकवलेली, श्वास रोखून एका दमात ओढलेली रेघ. हात थांबला की रेघ जाड होते, आणि ती जाडी जन्मभर दिसत राहते. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता.

गावोगावी त्या काळ्या सायकलीवर मग घरची हौस चढायची. सीटला झालरीचं कव्हर, मडगार्डला रबरी पट्टी, मुठींना रंगीत झुरमुळ्या. त्यातला सगळ्यांत शहाणा दागिना म्हणजे हबवरचा गोंडा. चाकाच्या मध्यभागी, हबभोवती सैल बसवलेलं रंगीबेरंगी केसाळ कडं. चाक फिरलं की तो गोंडा हबवर घसटत राहतो आणि धूळ पुसतो. पोरं तो रंगासाठी लावत, पण हब लखलखीत राहायचा तो त्याच्यामुळे. कुठल्याही कलाशाळेत न शिकलेल्या माणसाने काढलेली ही युक्ती सायकल सजावटीचा उत्तम नमुना मानायला हरकत नाही.

आणि सगळ्यांत वेडा दागिना म्हणजे कारखान्यातून आलेला कागद. नवी सायकल घेतली की नळ्यांवर गुंडाळलेला खाकी कागद किंवा प्लॅस्टिक कित्येक घरांत वर्षानुवर्षं काढत नसत, रंग खराब होऊ नये म्हणून. दोन पावसाळे गेले की कागदाखाली ओल साचायची आणि ज्या रंगाला जपलं तोच खालून फुगायचा. आता फ्रेमवर चिकटवायचे चित्रांचे व्हिनाइल आले आहेत. कडेने उचकटले की त्यांच्यातही पाणी तसंच शिरतं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे, २०१७ पासून लोकांसाठी खुलं. शिर्डीहून पुण्याला जाणं झालं तर अर्धा दिवस काढून बघावं. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए कंपनीची, छत्रीधारी सैनिकांसाठीची घडीची सायकल तिथे आहे. वाकवलेल्या जोडनळ्यांमुळे तिला एक लंबगोल डौल आलेला. तो डौल कोणी मुद्दाम आणलेला नाही. सायकल मधोमध दुमडायची, विमानातून खाली टाकायची, म्हणून नळ्या तशा वळल्या. लेडीज सायकलची खाली झुकलेली नळीसुद्धा अशीच. लांब स्कर्ट घालून चढता यावं या एका गरजेतून तिचा आकार ठरला, आणि आज कोणी तिला ओबडधोबड म्हणणार नाही.

पुण्याचंच आणखी एक उदाहरण. हवाई दलात अधिकारी राहिलेले शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या फ्रेमच्या सायकली बनवल्या. बांबूला डाग देता येत नाही, झाळता येत नाही. बांबूच्या फ्रेमचे सांधे तंतू राळेत भिजवून करकचून गुंडाळत तयार करावे लागतात. त्यामुळे जिथे दोन नळ्या मिळतात तिथे गाठीसारखा फुगवटा येतो. पाहणाऱ्याची नजर पहिली जाते ती त्या गाठींकडे. ज्या जागा बाकीचे लोक रंगाखाली लपवतात, त्याच इथे शोभेच्या झाल्या आहेत. बांबूच्या पेरांचा रंग, त्यावरचे डाग, सगळं उघडं. फ्रेम सजवायचीच असेल तर कारागिराने शिकावं ते या गाठींकडून.

ढाक्याच्या सायकलरिक्षांवरच्या चित्रकलेला युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मोर, सिनेमातले चेहरे, मशिदी, गावातली नदी, भडक गुलाबी आणि हिरव्यात रंगवलेलं. या चित्रांची मुख्य जागा रिक्षाच्या पाठीमागचा पत्रा. त्यावर भार येत नाही. झिजला, चेपला की पत्रा काढून दुसरा रंगवून लावता येतो. चासी तशीच धावत राहते. परंपरेत मुरलेल्या कलावंताला आपला रंग कुठे लावायचा हे बरोबर कळतं.

मापाची फ्रेम करून घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मागणीनुसार फ्रेम या शब्दांत पहिला हक्क मापाचा आहे. जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी, हाताचा पल्ला, कंबरेतून वाकण्याची सवय, यावरून नळ्यांची लांबी आणि कोन ठरतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या २२ इंची फ्रेममध्ये सगळ्यांना बसवलं गेलं. पोरं नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. इतक्या पल्ल्यात बोटभर चुकलेलं माप गुडघा आणि मान दोन्ही पकडतं. ज्याचं माप चुकलं त्या फ्रेमवर कितीही थोर चित्रकाराचा हात फिरला तरी ती भिंतीवर टांगायचीच वस्तू. भिंतीवर टांगायलाही हरकत नाही, पण मग तिला सायकल म्हणून विकू नये.

राहाता, कोपरगावच्या शेतकऱ्याला हे सगळं नव्याने सांगायची गरज नाही. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. शिंगांना हिंगूळ किंवा वॉर्निश, अंगावर गेरूचे ठसे, माथ्याला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल. एवढा साज वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी बैलाला चढत नाही. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू ज्या खांद्यावर वर्षभर घासलेलं असतं, तो खांदा ऊन पाण्याने शेकतात, हळद आणि तूप लावून हाताने मळतात. मळताना बोटांना कळतं की कुठे गाठ आली आहे, कुठे कातडं सोललं आहे, कुठे हात लागताच जनावर अंग काढून घेतं. दुसऱ्या दिवशीची झूल नेमकी त्याच्या शेजारी येते. खांदा सुजलेला असेल तर झुलीची दोरी कुठून घ्यायची हे त्या रात्रीच ठरतं. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी ज्यांच्या दावणीला बैलजोडी आहे ते लोक ही संध्याकाळ चुकवत नाहीत.

रामनवमीच्या उत्सवाला शिर्डीत १९११ पासूनची परंपरा आहे आणि त्या दिवसांत पायी पालख्यांबरोबर सायकलींचे जथेही येतात. येत्या खेपेला निघणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने हँडलखालचा सांधा, पायडलच्या बॉटमभोवतीचा सांधा आणि मागच्या चाकाचे दोन्ही चिमटे पुसून घ्यावेत. फडक्याला तांबूस रंग आला तर मिस्त्रीकडे जावं. चाक फिरवून आउट, म्हणजे ते डगमगतं का, ते बघावं, आरे बोटाने छेडून सैल कोणता ते ऐकावं, ब्रेकची तार टोकाला तुटत आली आहे का ते पाहावं. झेंड्याची काठी कॅरियरला बांधावी, फ्रेमला भोक पाडू नये. दिव्यांची माळ वरच्या आडव्या नळीवर घ्यावी आणि सांधे उघडे ठेवावेत, म्हणजे वाटेत सिन्नरला चहाला थांबल्यावर एक नजर टाकता येते. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात. झेंडूची माळ ओवायला त्याहून जास्त वेळ जातो.